नभाच्या पोटावरची पट्टी

सहा दिवस नभाला शी झाली नव्हती, आणि ते फक्त घराला नाही, अख्ख्या जिन्याला माहीत होतं.

खालच्या मजल्यावरच्या खोतकाकू दूध आणायला निघाल्या की वर तोंड करून विचारायच्या, "झाली का गं?" काय झाली ते वेगळं सांगावं लागत नव्हतं. नणंदेचा साताऱ्याहून फोन आला की पहिलं वाक्य तेच. नवरा कारखान्यातनं फोन करायचा तेव्हाही तेच. दुसऱ्या घरांत माणसं जेवलात का विचारतात. ह्या घरात 'शी झाली का' हाच रामराम होऊन बसला होता. आणि प्रश्न कुणीही विचारला तरी उत्तर द्यायचं एकटीनं. सानिकानं. जणू काही शी तिनंच दाबून ठेवली होती.

नभा दोन वर्षं आठ महिन्यांची. तिच्याकडं शब्द तीन: 'दे', 'बा' आणि मांजराला 'म्याँ'. 'आई' नव्हता. त्याचाही हिशेब सानिकाकडंच मागितला जायचा. तू तिच्याशी बोलत नसशील. तू कामावर जातेस. तू गरोदरपणात फोन बघत बसायचीस. पोर बोलत नाही तर आईचं चुकलं, पोर हगत नाही तर आईचं चुकलं. बापाचं कधी काय चुकल्याचं ह्या इचलकरंजीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सकाळी साडेसहा. मोरीच्या दाराशी पिवळं प्लास्टिकचं भांडं, त्यावर नभा, समोर उकिडवी बसलेली सानिका. शेजारी आत्ती, म्हणजे तिची सासू, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तयार.

"धर पाय," आत्ती म्हणाल्या.

"आत्ती, काल रक्त आलं होतं."

"आलं म्हणूनच म्हणतीय. आत खडा झालाय. ह्या हाताखालनं नऊ पोरं गेल्यात, एकाचंबी पोट असं बसलं न्हवतं. धर."

सानिकानं पाय धरले. नेहमी तीच धरायची. शीच्या जागी देठ आत्ती घालायच्या, पण त्या पाठीमागं असायच्या. नभाला दिसायचं ते पाय धरणारीचं तोंड. पोरगी आवाज काढून रडायचीसुद्धा नाही. लाकडासारखी ताठ व्हायची, लालबुंद व्हायची, टाचा उचलून चवड्यांवर उभी राहायला बघायची.

"बघ कशी कुंथतीय," आत्ती म्हणायच्या. "येतीय बघ आता."

येत नव्हती. सव्वासातला सानिका हात धुऊन कामाला पळायची. कापड तपासणीच्या खात्यात ती होती. तिथं कॅमेरे कापडातला तुटलेला धागा शोधायचे आणि पडद्यावर लाल चौकोन दाखवायचे; खरंच दोष आहे का, एवढंच तिनं हो किंवा नाही म्हणायचं. दिवसाला चार हजार वेळा हो-नाही. घरी आली की चार हजार एकावी वेळ उंबऱ्यात उभी असायची. शी झाली का? नाही.

सातव्या दिवशी तिनं रजा टाकली आणि पोरीला घेऊन डॉक्टर मुजावर बाईंकडं गेली. बाईंनी पोट दाबून बघितलं, सगळं ऐकून घेतलं. देठाचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं.

"ही कुंथत नाही," त्या म्हणाल्या. "रोखून धरते. टाचा उचलणं, पाय आवळणं, लाल होणं, हे सगळं आत ठेवायसाठी चाललेलं असतं. तुम्ही शाबास शाबास म्हणता आणि ती बिचारी जीव खाऊन दार लावून धरते."

सानिकानं नभाचा फ्रॉक खाली ओढला.

"कधीतरी एकदा खूप दुखलं असणार. पुन्हा दुखेल म्हणून धरलं. धरलं की आतलं पाणी शोषलं जातं, मग जास्त कडक होतं, मग आणखी दुखतं. वर देठ. असं महिनोन् महिने चाललं की खालचं आतडं जुन्या इलॅस्टिकसारखं सैल पडतं. भरलंय हा निरोपच वर नीट जात नाही."

"आणि बोलत नाही ते? त्यानंच का?"

"तसं मी म्हणणार नाही. कान चांगले आहेत. बोलायला उशीर होण्याची कारणं वेगळी असतात, आपण स्पीचवाल्या मॅडमना दाखवू. पण एवढं खरं, ज्याला दुखतंय म्हणून सांगता येत नाही त्याच्या हातात धरून ठेवणं एवढंच राहतं. तेवढी एकच गोष्ट तिच्या मालकीची आहे." मग त्यांनी कागदावर रोज पाण्यातनं द्यायची पावडर लिहिली. खाली एक ओळ घातली: 'पट्टी, तीन महिने.'

पट्टी तोवर गावात सगळ्यांना ठाऊक झाली होती. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. मेंदूला न विचारता ते आपला कारभार बघतं, आणि मेंदूशी जी बोलणी होतात त्यातली बहुतेक खालून वर जातात. पोट सांगतं आणि डोकं ऐकतं. हे शास्त्रज्ञांना जुनंच माहीत होतं. अडचण ऐकण्याची होती. कातडीवरनं येणारे विजेचे तरंग फार क्षीण, त्यात श्वासाचा, हालचालीचा, हृदयाचा गोंगाट. मग लाखभर पोरांच्या पोटांवर पातळ पट्ट्या लावून वर्षभर नोंदी केल्या, आणि कुठल्या तरंगानंतर पोर खातं, कुठल्यानंतर रडतं, कुठल्यानंतर शी करतं, हे यंत्राला शिकवलं. यंत्र शिकलं. इथवर सगळं सरळ होतं.

पण नुसत्या आलेखावर कोण भाळणार? कंपनीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की पोटाला आवाज द्यावा. मुलाचं अर्धा तास बडबडणं, हसणं, रडणं रेकॉर्ड करायचं, त्यात आईबापाच्या आवाजाची ढब मिसळायची, आणि हे पोर बोललं असतं तर कसं बोललं असतं तो आवाज तयार करायचा. शर्टाच्या गुंडीएवढा स्पीकर बेंबीखाली. जवळ कोण आहे ते पट्टीला ज्याच्या-त्याच्या फोनवरनं कळायचं. पट्ट्या धडाधड खपल्या.

नभाची पट्टी तिसऱ्या दिवशी बोलली. सानिका भाकरी थापत होती. मागनं एक बारीक, थोडा घोगरा, ओळखीचा वाटणारा आवाज आला. "आई, शी लागली."

ती वळली. नभा दारात उभी होती, ओठ मिटलेले. पुन्हा फ्रॉकखालनं आवाज आला. "आई. शी."

सानिका खाली बसली. पिठाच्या हातानं तिनं तोंड झाकलं आणि रडली. आई हा शब्द आला होता. कुठनं आला, ते विचारायचं त्राण त्या क्षणी तिच्यात नव्हतं. आत्तींनी मीठमोहऱ्या घेऊन नातीची दृष्ट काढली, आणि काढता काढता पट्टीवरनंही एकदा मूठ फिरवली. तिचा नवरा ऋतुराज, कारखान्यात मागांची दुरुस्ती करणारा जॉबर, संध्याकाळी आला आणि पोटासमोर मांडी घालून बसला. "बोल की गं, बाबा म्हण."

"बाबा, भूक लागली," पट्टी म्हणाली.

"आईशप्पत," ऋतुराज म्हणाला, आणि खिशातनं बिस्किटाचा पुडा काढला.

पावडर आणि पट्टी मिळून काम झालं. वेळ कळत असल्यानं कुणी अर्धा तास भांड्यावर बसवेना. देठ बंद झाला. दिवसाआड शी व्हायला लागली. खोतकाकूंनी जिन्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण झाली का, हे विचारणं कुणाचं सुटलं नाही. सानिकाचं तर नाहीच. ती चप्पल काढायच्या आधी विचारायची, "झाली का?" आणि पोटातनं उत्तर यायचं, "नाही, आई."

पुढचं हळूहळू झालं, म्हणून कुणाला दिसलं नाही. सगळे नभाच्या पोटाशी बोलायला लागले. आत्ती वाकून फ्रॉकला विचारायच्या, "सोन्या, वरणभात का दूधभात?" नणंद फोनवर म्हणायची, "जरा पोटापाशी धर गं." नभाला हे लवकर समजलं. काही हवं असलं की ती पोट पुढं काढून उभी राहायची आणि नजर भिंतीकडं. 'दे' गेला. 'बा' गेला. मांजर आलं तर ती नुसती बघायची, कारण मांजराबद्दल पोटाला काही म्हणायचं नव्हतं.

पट्टी तीन महिन्यांची होती. पाच महिने झाले. काढू म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

सानिकाच्या मनात पहिल्यांदा आलं ते बालवाडीत. त्या दिवशी कामाची पाळी लवकर सुटली म्हणून ती न कळवता गेली. खोलीत बावीस पोरं होती. बावीस पोटं बोलत होती. "बाई, तहान." "बाई, शू." "बाई, झोप आली." पोरांची तोंडं मात्र बंद, एकमेकांकडं कुणी बघत नव्हतं. दोघांनी एकच बादली ओढली, ओढाओढ झाली, पण 'माझी हाय' असं कुणी म्हणालं नाही, कारण माझी-तुझी हे पोटात कळत नाही.

"पूर्वी डोकं उठायचं ह्यांच्या कलकलाटानं," शिंगाडेबाई समाधानानं म्हणाल्या. "आता बघा कसं शिस्तीत."

"ह्यातली तोंडानं बोलणारी किती?"

शिंगाडेबाईंनी जरा विचार केला. खरंच विचार केला. "तसं बघितलं नाही बाई कधी. बोलतायत की सगळी."

जगात कुणाला पोरं बोलायला नको होती. सोय हवी होती. ती मिळाली, झालं.

आणि मग पट्टीला नवी भर आली. फोनवर निरोप आला: आता तुमच्या बाळाच्या गरजांबरोबर बाळाच्या भावनाही ऐका. ऋतुराजनं होय दाबलं.

दुसऱ्या दिवशी सानिका कामावरनं आली. आत्ती पाट घेऊन लसूण सोलत होत्या, नभा चमचे मांडत होती. सानिका उंबऱ्यात चप्पल काढायला वाकली आणि फ्रॉकमधनं आवाज आला. "आई आली. नको."

आत्तींचा हात थांबला.

"काय म्हणाली ती?" सानिका म्हणाली.

"मला काय विचारतीस? पोरीचं पोटच सांगतंय."

ती पुढं गेली. नभानं चमच्यांवरनं मान वर केली नाही. "आई. नको," पोट म्हणालं, जरा जोरात.

तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. ऋतुराज आला की 'बाबा आला, बरं वाटतं'. आत्तींना 'मांडीवर घे'. रविवारी नणंद आली, तिलाही ऐकवलं गेलं, आणि ती हसत हसत बोलली, "वहिनी, एवढं काय केलंत हो लेकराला?" सगळे हसले. सानिकाही हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तिला वाटलं यंत्र बिघडलंय. वाटायला हवंच होतं. ती मुजावर बाईंकडं गेली, ह्या वेळी एकटी. बाईंनी पट्टीच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. रोज साडेपाचला एक उभा सुळका.

"हे काय?"

"खालचा स्नायू आवळला जातोय. घट्ट." बाईंनी सुळक्याखाली सानिकाच्या फोनची खूण दाखवली. "तुमची चप्पल जिन्यात वाजते तेव्हा."

"पण देठ बंद करून पाच महिने झाले. आणि घालायच्या त्या आत्ती."

"पाय कुणी धरायचं?"

सानिका पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावर दोष शोधणं हेच तिचं काम. दिवसाला चार हजार वेळा ती ठरवायची, खरा का खोटा. हा खरा होता.

"देठ थांबला, पण तुम्ही आल्या आल्या विचारता ना, शी झाली का? तिच्या पोटाला एवढंच कळतं, ही आली म्हणजे आता माझ्या खालच्या अंगाचं काहीतरी निघणार. तिचा तुमच्यावर जीव नाही असा अर्थ काढू नका. पट्टीला जीव मोजता येत नाही. आवळणं मोजता येतं. पट्टीनं त्याला 'आई नको' हे शब्द दिले. शब्द कंपनीचे आहेत."

"पण आवळणं तिचं आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "ते तिचं आहे."

घरी आल्यावर ऋतुराज फोन घेऊन बसलेला. त्यानं उपाय काढून ठेवला होता. कंपनीची पुढची सोय: तीच पट्टी, पण आता ऐकायची आणि हुकूमही द्यायची. कण्याच्या खालच्या मज्जातंतूंना बारीक झटका, स्नायू सैल, रोज सकाळी सातला शी. पोरीला कळणारसुद्धा नाही.

"कळणारसुद्धा नाही म्हणजे?" सानिका म्हणाली.

"म्हणजे त्रास नाही. भीती नाही. तुझ्या नावानं बोंब नाही. तुलाच बरं."

"आणि पट्टी काढली की?"

"काढायची कशाला? चष्मा काढतात का लोक?"

"आता तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात हाय, ऋतु. धरायचं का सोडायचं. तेबी फोनवर घेणार तू? बोलणं गेलंच."

"बोलतीय की ती."

"ती बोलत न्हाई. आपण तिच्या पोटावर रेडिओ लावलाय."

आत्ती आतनं म्हणाल्या, "तुला पट्टी नको झालीय ती कशापायी ते सगळ्यांना कळतंय हो. पट्टी खरं बोलती म्हणून."

हे सानिकाला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. पट्टीनं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. सगळ्या घरात तिच्याबद्दल जे कुणाला दिसलं नाही, तिला स्वतःलाही नाही, ते त्या गुंडीएवढ्या डबीनं सांगितलं. त्याबद्दल तिचा रागसुद्धा नव्हता. राग यायला अंगात काहीतरी लागतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की पोरीला आपल्याला 'नको' म्हणायचं असेल, तर ते तिनं तोंडानं म्हणावं. ऐकायची आपली तयारी आहे.

"व्हय आत्ती," ती म्हणाली. "खरं बोलती म्हणूनच. आता ऐकून झालं."

तिनं कोमट तेल लावून पट्टी सोडवली. खाली कातडी पांढरी, चौकोनी, सुरकुतलेली. नभानं त्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ वाट बघितली.

पुढचे दिवस वाईट गेले, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बालवाडीनं पट्टीशिवाय ठेवून घ्यायला नकार दिला, म्हणून सानिकानं अर्धी पाळी मागून घेतली. नभा पोट पुढं काढून उभी राहायची, पोट गप्प, मग डोकं आपटायची. पुन्हा चार-चार दिवस काही नाही. चड्डी खराब व्हायची. पावडर चालू, पाणी चालू, स्पीचवाल्या मॅडमचा आठवड्याला एक तास चालू. आत्ती तीन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे सानिकासमोर जेवल्या नाहीत. ऋतुराजनं एकच वाक्य धरलं होतं, "महिनाभर बघू, मग मी सांगतो तसं."

सानिकानं एकच नेम केला. विचारायचं नाही. जिन्यात प्रत्येक दारावर जाऊन तिनं सांगितलं, आमच्या नभाला शी झाली का हे तिला आणि मला कुणी विचारायचं नाही. खोतकाकू दुखावल्या. "आम्ही मायेनं विचारतो, बाई."

"माया असू दे काकू. विचारू नका."

सगळ्यात अवघड तिचं तिलाच गेलं. दुपारी दारात आली की प्रश्न जिभेच्या टोकावर यायचा आणि ती दात चावून त्याच्याऐवजी काहीतरी बोलायची. आज ऊन होतं. शिडीवरनं एक बाई पडली आमच्या खात्यातली, लागलं नाही. कांदे संपलेत. नभा ऐकायची की नाही कळायचं नाही. एकदा सानिका तव्याबद्दल बोलत होती तेव्हा पोरीनं तव्याकडं बघितलं. तेवढंच.

महिना संपायला दोन दिवस होते. शुक्रवार. आत्ती देवळात गेलेल्या. सानिका कणीक मळत होती. दहा मिनिटं झाली, पोरीची चाहूल नाही, म्हणून ती कणकेच्या हातानं बाहेरच्या खोलीत आली.

कपाट आणि भिंतीच्या फटीत नभा होती. चड्डी घोट्यापाशी उतरवलेली, स्वतःच. टाचा जमिनीवर टेकलेल्या. गुडघे वाकलेले. चेहरा लाल, पण ताठ नाही.

सानिकाचे हात पुढं आले. भांडं आणावं, कागद घालावा, पाठीवरनं हात फिरवावा, चांगलं गं माझं बाळ म्हणावं. ती एक पाऊल पुढं सरकली.

नभानं वर बघितलं. थेट तिच्या डोळ्यांत. आणि तोंड उघडलं.

"जा."

आवाज खरखरीत होता, फुटका. त्या पट्टीतल्या आवाजासारखा अजिबात नव्हता. त्यात बापाची ढब नव्हती, आईची नव्हती. कुणाचाच नव्हता तो.

सानिका तिथंच उभी.

"जा," नभा म्हणाली.

सानिका गेली. दाराबाहेर आली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. हाताला कणीक वाळायला लागली होती.

थोड्या वेळानं ऋतुराज डबा हलवत वर आला. "काय झालं? बाहेर का बसलीस?"

"नभानं जा म्हटलं."

"कुणी?"

"नभानं."

तो डबा ठेवून दाराकडं वळला. सानिकानं त्याची पँट धरली. पिठाचे पाच डाग उठले.

"तूबी न्हाई जायचं. बस इथं."

"अगं पण काय करतीय ती आत? एकटी?"

"तिचं काम करतीय. बस म्हटलं की."

तो एक पायरी सोडून खाली बसला. आतनं बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि दोघांपैकी कुणी उठलं नाही.